चौथं माणूस

“चाकं,” अप्पा म्हणाले आणि मी कळ खाली ओढली.

एरवी कळ खाली गेली की पायांखाली मोटरीची घरघर सुरू व्हायची, विमान जरा जड झाल्यासारखं वाटायचं आणि समोर तीन हिरवे दिवे लागायचे. एक नाकाखालच्या चाकाचा, दोन पंखांखालच्या चाकांचे. त्या संध्याकाळी खालून नुसतं ‘खर्र’ झालं आणि पुढे काहीच नाही. दिवे तिन्ही बंद.

“पुन्हा.”

मी कळ वर केली, पुन्हा खाली ओढली. आता तेवढं ‘खर्र’सुद्धा नाही.

“फ्यूज उडाला, सर.”

“दिसतंय मला. वर घेतोय.”

दोन्ही इंजिनं गरजली. धावपट्टी आमच्या पोटाखालून निघून गेली आणि पुन्हा चहूकडे ऊसच ऊस दिसू लागला.

हे सर म्हणजेच अप्पा, माझे वडील, कॅप्टन विश्राम देशिंगकर. विमानात बसलं की मी त्यांना सर म्हणायचं आणि त्यांनी मला को-पायलट, हा त्यांचा नियम. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर ते कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचं विमान चालवत. दोन इंजिनांचं, सहा जण बसतील एवढं. मी नुकतंच लायसन्स काढून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायला लागले होते. लोक म्हणायचे, बापाच्या वशिल्यानं लागली. आमच्या अप्पांच्या हाताखाली काम करायला वशिला नाही, कातडी जाड लागते, हे लोकांना काय माहीत.

तिसरे होते पास्कल डाबरे, विमानाचे इंजिनीअर. वसईचे, गोल चेहऱ्याचे, देवभोळे. जुहूला विमानाची तपासणी करून आम्ही तिघं परतत होतो. चेअरमनसाहेब मंत्रालयातल्या कामासाठी मुंबईतच राहिले होते. डाबरे मागे तोंड उघडं टाकून झोपले होते, ते इंजिनांच्या आवाजानं दचकून उठले.

“काय झालं, साहेब? आलं ना घर?”

“घर आलंय. चाकं येत नाहीत,” अप्पा म्हणाले.

डाबऱ्यांनी आधी छातीवर क्रूस केला आणि मग चष्मा लावला. हा त्यांचा क्रम कधी चुकायचा नाही.

“खालून कोणीतरी बघून सांगितलं तर बरं,” ते म्हणाले. “निम्मी आलीत का अजिबात नाय, ते तरी कळेल.”

आमच्या त्या मुरमाच्या पट्टीवर रेडिओ नव्हता. होता तो एकटा शामराव. पट्टीवरच्या म्हशी हाकलायला कारखान्यानं ठेवलेला. अप्पांनी विमान खाली आणून त्याच्या डोक्यावरून नेलं, पंख हलवले. शामरावनं नेहमीप्रमाणे पाय जुळवून कडक सलाम ठोकला. आम्ही वळून पुन्हा आलो. त्यानं पुन्हा सलाम ठोकला. तिसऱ्यांदा आलो तेव्हा त्यानं आधी सलाम ठोकला आणि मग दोन्ही हातांनी टाटा केला.

“गाढव आहे,” अप्पा म्हणाले.

“चाकं लोंबत असती तर बिचारा पळाला असता,” डाबरे म्हणाले. “म्हणजे तिन्ही वरच आहेत. ती टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर धरायला. तशी झोपलीय आपली.”

मला हसू आलं. अप्पांना नाही आलं. त्या चार महिन्यांत त्यांना कशाचंच हसू आलेलं मी पाहिलं नव्हतं आणि रडूही.

चार महिन्यांपूर्वी माझी आई गेली. भर दुपारी, भाजी निवडता निवडता. आम्ही बापलेक तेव्हा चेअरमनसाहेबांना घेऊन नागपूरहून येत होतो. घरी पोहोचलो तर दारात शेजारी जमलेले.

त्यानंतर अप्पांनी जे केलं ते मी त्यांना माफ केलं नव्हतं. तेरावं झालं आणि त्यांनी आईच्या साड्या काढून वाटून टाकल्या. तिचं शिवणाचं मशीन महिला मंडळाला दिलं. पानाचा डबा, तिचा चष्मा, स्वयंपाकघरातलं तिचं ठेंगणं स्टूल, सगळं गेलं. मी तिचा फोटो करून आणला तर म्हणाले, भिंतीला खिळा नको. आणि मग माझ्याकडे वळून, “उद्या सहाला निघायचंय. वेळेवर ऊठ.” बास. आईचा विषय त्या घरात संपला. मिरजेच्या त्या घरात आम्ही दोघं दोन भाडेकरूंसारखे राहत होतो. जेवताना फक्त भांडी बोलायची.

मी दिल्लीला नोकरी ठरवली होती. त्या दिवशी जुहूला चहा पिताना अप्पांना सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यात जातेय. वाटलं, एक शब्द तरी बोलतील. म्हणाले, “तिथे थंडी फार असते. स्वेटर घे.”

त्यामुळे त्या संध्याकाळी काचेतून पट्टी पाहताना मला चाकांची भीती होतीच, पण त्याहून जास्त राग होता. वाटत होतं, मरायचंच असलं तर निदान या माणसाच्या शेजारी तरी नको.

“पुण्याला परत जायचं का, सर?” मी विचारलं. तिथे आगीचे बंब होते, डॉक्टर होते.

अप्पांनी तेलाच्या काट्याकडे बोट दाखवलं आणि मग उत्तरेकडे. घाटावर ढगांची काळी भिंत उभी होती. “तेल काठावर आहे आणि वाटेत हे. उतरायचं ते इथेच. सूर्य आहे तोवर. डाबरे, हातानं फिरवा.”

पुढच्या दोन सीटांच्या मागे, जमिनीवर, एक लहान झाकण होतं. मोटर बंद पडली तर त्या झाकणाखालचं हँडल बाहेर काढायचं आणि विहिरीच्या रहाटासारखं फिरवत राहायचं. पन्नासेक वेढे दिले की चाकं खाली येतात आणि दिवे लागतात. सोपं काम, फक्त घाम काढणारं.

डाबऱ्यांनी गुडघ्यावर बसून झाकण उचललं. हँडल उलगडलं, दाबलं, जोर केला.

“बसत नाय जागेवर.”

“नीट दाबा.”

“साहेब, अठरा वर्षं दाबतोय. बसत नाय. दात्यांत काहीतरी अडकलंय. शैलाबाय, टॉर्च द्या जरा.”

मी टॉर्च मागे दिला. त्यांनी नाक झाकणाला लावून आत पाहिलं. अप्पा पट्टीभोवती मोठा गोल घेत होते. उसावर आमची सावली लांबच लांब पडली होती.

“काय आहे?” अप्पांनी विचारलं.

“गोल आहे. तपकिरी. नट आहे, पण आपला नाय.” आणि मग डाबऱ्यांचा आवाज एकदम वर गेला. “अहो साहेब, सुपारी आहे ही!”

मला वाटलं, भीतीनं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. पट्टा सोडून मी मागे वाकले. खरंच सुपारी. पूजेला ठेवतात तसली अख्खी, बुडाशी चपटी. जुहूहून निघाल्यावर चाकं वर गेली, त्यानंतर कधीतरी हादऱ्यांनी घरंगळून, हँडलचा दांडा जिथे दात्यात बसतो, बरोबर त्या फटीत रुतून बसली होती. मोटरीनं चाकं खाली ढकलायला जोर केला तो हिच्यावर, ही हटली नाही आणि फ्यूज उडाला.

“शामराव!” मी ओरडले. “त्यानंच कसली तरी पूजा केली असणार. मागे हँगरला लिंबू-मिरची नव्हती का बांधली? खाली उतरू दे, त्याला–”

“शामराव नाही,” अप्पा म्हणाले. “मी ठेवली.”

डाबऱ्यांच्या हातातला टॉर्च तसाच जळत राहिला.

आमचे अप्पा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. शामरावची लिंबू-मिरची त्यांनी उपटून त्याच्या हातात दिली होती आणि म्हणाले होते, सरबत कर. दसऱ्याला मेकॅनिकांनी पंख्याला हार घातला तर, “हार माणसाला घाला, त्याला आनंद होतो. इंजिनाला तेल घाला.” मांजर आडवं गेलं तर हा माणूस गाडी थांबवून मांजराला आधी जाऊ द्यायचा, कारण त्याला रस्त्याचा नियम माहीत नसतो म्हणून. आणि सुपारी यांनी ठेवली?

“तुम्ही?” सर म्हणायचं मी विसरले.

“जुहूला. डाबरे तेल बघत होते. तू हवामान विचारायला गेली होतीस.” ते समोरच बघत होते. “तिघं होतो आपण.”

मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांनी मिळून घराबाहेर पडू नये आणि पडायचंच तर चौथं माणूस म्हणून एखादा खडा नाहीतर सुपारी बरोबर घ्यावी, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आई ते कटाक्षानं पाळायची. ती स्वतः विमानात कधी चढली नाही. “मी जमिनीवर बरी,” म्हणायची. पण विमानात तिघंच जाणार असं कळलं की पहाटे उंबऱ्याशी सुपारी घेऊन उभी. अप्पा कपाळाला आठी घालायचे, “झालं तुमचं सुरू,” म्हणायचे आणि सुपारी खिशात टाकायचे.

“अहो, पण इथे कशाला ठेवलीत?” मी जवळजवळ किंचाळलेच. “खिशात ठेवायची!”

“जन्मभर खिशातच ठेवली.” अप्पांनी घसा साफ केला. “ती म्हणायची, माणूस कधी खिशात बसतं का? त्याला जागा द्या बसायला, नाहीतर ते चौथं कसलं? मी आपला हो हो म्हणून खिशात टाकायचो. म्हटलं, आता तरी जागा द्यावी. सीटवर ठेवली असती तर तुम्ही दोघं हसला असतात. त्या झाकणाखाली कुणी बघत नाही.”

“मी बघतो ना, साहेब,” डाबरे दुखावल्या आवाजात म्हणाले. “दर महिन्याला पुसतो.”

त्याही अवस्थेत अप्पा म्हणाले, “सॉरी, डाबरे.”

डाबऱ्यांनी चिमटा काढला, पक्कड काढली. पण सुपारीला धरायला कड नव्हती. पक्कड घसरायची आणि प्रत्येक घसरणीबरोबर सुपारी आणखी आत रुतायची. शेवटी त्यांनी मान वर केली. कपाळावर घामाचे थेंब होते.

“अख्खी नाय निघत. फोडावी लागेल. पेचकस टेकवून वर हातोडी मारली तर दोन घावांत फुटेल.”

“नको,” अप्पा म्हणाले.

“काय?”

“फोडू नका. झाकण लावा. दोघं पट्टे आवळून बसा. पोटावर उतरवतो.”

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. पोटावर, म्हणजे चाकांशिवाय, मुरमावर घसरत. दोन्ही पंखे जमिनीवर आपटून मोडणार, पंखांमध्ये उरलेलं तेल, खाली दगडांच्या ठिणग्या आणि पट्टीच्या टोकाला कालवा.

“उतरवलंय मी पूर्वी,” ते म्हणाले.

“आणि त्यात काय झालं होतं?”

ते पट्टीची लांबी नजरेनं मोजत राहिले.

“अप्पा, एका सुपारीसाठी?”

“शेवटची आहे ती. नागपूरला गेलो त्या सकाळी दिलेली. तिच्या हातची.”

माझा इतक्या महिन्यांचा राग उसळून वर आला. “तिच्या हातचं! सगळ्या साड्या वाटताना नाही वाटलं काही? मशीन दिलंत, डबा दिलात, माझ्यासाठी एक स्टूलसुद्धा ठेवलं नाहीत! आणि आता सुपारीसाठी आम्हाला मारताय?”

“साड्या तिच्या होत्या, शैला,” अप्पा शांतपणे म्हणाले. “ही तिनं मला दिलेली आहे.”

चार महिने मी ज्या माणसाला दगड म्हणत होते, तो चार महिने खिशात ती एक सुपारी घेऊन हिंडत होता. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांचा संतापही आला.

सूर्य उसाला टेकला. पट्टीची लाल रेघ काळपट व्हायला लागली. डाबरे मागे पुटपुटत जपमाळ ओढत होते. अप्पांनी विमान पट्टीच्या रेषेत आणायला सुरुवात केली.

मी वाद घालू शकले असते. नियम सांगू शकले असते. को-पायलट म्हणून माझा तो हक्कच होता. पण माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

“अप्पा, मला भीती वाटते.”

लहानपणी विजांना घाबरून मी त्यांच्या पांघरुणात शिरायचे, त्यानंतर हे वाक्य मी त्यांच्यापाशी कधी बोललेच नव्हते. विमानात तर नाहीच नाही. अप्पांनी चटकन वळून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

मग त्यांनी विमानाचं नाक वर केलं.

“फोड, शैलू,” ते म्हणाले. “डाबऱ्यांचा हात जाड आहे. तू फोड.”

मी मागे गेले. डाबऱ्यांनी टॉर्च धरला, मी पेचकस सुपारीच्या मधोमध टेकवला आणि हातोडी मारली. पहिला घाव घसरला, माझ्याच अंगठ्यावर बसला. दुसऱ्याला नुसता चरा उमटला.

“बिचकू नको,” पुढून अप्पांचा आवाज आला. “तिची सुपारी आहे. चिवट असणारच.”

तिसऱ्या घावाला कट्‌ झालं. अडकित्त्यात व्हायचं ना घरी, अगदी तस्सं. मला रडू फुटलं, पण हात थांबवून चालणार नव्हतं. एक जरी कपची दात्यांत राहिली असती तरी हँडल पुन्हा अडकलं असतं. बोटाच्या टोकानं चाचपून चाचपून मी एकेक तुकडा बाहेर काढला आणि रुमालात टाकला. चुरासुद्धा फुंकर घालून टिपला. डाबऱ्यांनी आत शेवटचं पाहिलं.

“साफ.”

हँडल जागेवर बसलं. डाबरे फिरवायला लागले, “येशू, मारिया, येशू, मारिया,” प्रत्येक वेढ्याला एक. त्यांचा हात भरून आला तेव्हा मी धरलं. माझा भरून आला तेव्हा पुन्हा त्यांनी. पायांखाली काहीतरी हललं, वाऱ्याचा आवाज बदलला, विमान जड झालं.

“एक लागला,” अप्पा म्हणाले. “फिरवत राहा. दोन.”

आम्ही फिरवत राहिलो. हँडल जड झालं होतं, पुढे सरकेना. डाबऱ्यांनी दोन्ही पाय सीटला टेकवले, मी त्यांच्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून शेवटचा अर्धा वेढा कसाबसा ओढला.

मी मान उंचावून पाहिलं. तीन हिरवे दिवे.

ते विमान अप्पांनी त्या संध्याकाळी जसं उतरवलं, तसं मी पुढे तीस वर्षं उडूनही कधी उतरवू शकले नाही. चाकं जमिनीला टेकली कधी, तेच कळलं नाही. फक्त मुरमाची चरचर ऐकू आली. पट्टीच्या टोकाला, कालव्याच्या अलीकडे, अप्पांनी इंजिनं बंद केली.

शामराव धावत आला. सलाम ठोकून म्हणाला, “सायेब, मगाधरनं खाली येतायसा नि परत जातायसा. म्हसरं तर न्हवती की पट्टीवर!”

डाबरे खाली उतरले, गुडघे टेकून त्यांनी मुरमाला हात लावला आणि मग एकदम इंजिनीअर झाले. “साहेब, रिपोर्टात काय लिहू? दात्यांत बाहेरची वस्तू सापडली?”

“बाहेरची नाही,” अप्पा म्हणाले. “घरची.”

“तसा रकाना नाय, साहेब.”

“मग तुम्हाला हवं ते लिहा. चूक माझी आहे, एवढं स्पष्ट लिहा.”

जीपपाशी आलो तेव्हा अप्पांनी किल्ली माझ्याकडे दिली. गाडी ते कधी कुणाला चालवू द्यायचे नाहीत. सुपारीच्या तुकड्यांचा रुमाल मी त्यांच्या मांडीवर ठेवला. मिरजेचा अर्धा रस्ता मागे पडला.

“घरात तिच्या साड्या दिसल्या की मला वाटायचं, ती आत आहे,” मग अप्पाच म्हणाले. “मशीन दिसलं की वाटायचं, आता बसेल. मी उठून आत बघायला जायचो. रोज. म्हणून देऊन टाकलं सगळं.”

“मला सांगायचं होतंत.”

“काय सांगणार? बायकोला घरात शोधतो म्हणून?”

मी गाडी हळू केली. पुढचं मला नीट दिसत नव्हतं.

“आणि आता उलटंच झालंय,” ते म्हणाले. “मला तिचा आवाज आठवेनासा झालाय, शैलू. चेहरा आठवतो, आवाज नाही. आपण परत आलो की दारातच हात पुढे करून सुपारी परत मागायची बघ. हातावर ठेवली की मगच आत घ्यायची. तेव्हा काय म्हणायची ती?”

“‘आणलीत का माझी सुपारी?’” मी म्हटलं. आईसारखं, पहिला शब्द लांबवून.

अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांच्या कपाळाला ती जुनी आठी पडली.

“छे. ‘आणलीत’ नाही. ‘आली का माझी सुपारी?’ असं म्हणायची. माणूस आल्यासारखं.”

“अप्पा, मी रोज दारात असायचे तुमच्या मागे. ‘आणलीत’ म्हणायची.”

“तू मागे असायचीस. मी समोर असायचो.”

“तुम्ही तेव्हा बूट काढत असायचात! तुमचं लक्ष कुठे असायचं?”

“माझं लक्ष नसायचं? तुझ्या आईनं तुला हे शिकवलं?”

“शिकवलं म्हणूनच सांगतेय. ‘ई’ लांबवायची ती. आणली–त का.”

“ती ‘ई’ नव्हतीच. ‘आली’ मधली ‘ली’ लांबवायची. तुला गाण्याचा कान कधीच नव्हता.”

अशी आमची जुंपली. दिल्लीला मी पुढच्या आठवड्यात गेलेच, ते काही टळलं नाही. पण त्यानंतर अप्पा जिवंत होते तोवर दर रविवारी ट्रंक कॉल लावून आम्ही तिच्याविषयी भांडत असू. आमटीत गूळ किती घालायची, कुठल्या नणंदेला काय टोमणा मारायची, हसताना तोंडावर पदर घ्यायची की हात. एकदाही एकमत झालं नाही. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलायची आणि अप्पा तिलाही दटावायचे.

त्या संध्याकाळी मात्र भांडत भांडतच घर आलं. दारात दिवा नव्हता. लावायला कोण होतं. अप्पांनी चाचपडत कुलूप काढलं, दार ढकललं. गेले चार महिने ते बूट काढून तडक आत जायचे. आज उंबऱ्याशी थांबले. रुमालाची पुरचुंडी सोडून त्यांनी तुकडे हातावर घेतले, हात पुढे केला आणि त्या अंधाऱ्या घरात जरा मोठ्यानं म्हणाले,

“आली गं. जरा फुटलीय.”

आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसून ते लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या शेजारी बसले. दिवा लावायची आम्हा दोघांनाही घाई नव्हती.